बंद ओव्हनचा झटका

१

बंद असलेल्या ओव्हननं कुणाला झटका द्यायचा नसतो. पण २००७ सालच्या फेब्रुवारीत, एका शुक्रवारी सकाळी सातच्या सुमारास, कारेगावात सर्जेराव नवल्यांच्या नव्याकोऱ्या बंगल्यात तो दिला.

सून अनिता नुकतीच फरशी पुसून उठली होती. पाय अनवाणी, हातात ओलं फडकं. ओट्याशेजारच्या भिंतीतल्या ओव्हनचं स्टीलचं तोंड ती रोज सकाळी पुसायची. कंपनीतल्या पोरांच्या वाढदिवसाचे केक त्यातूनच निघायचे, त्यामुळे तिचा त्या यंत्रावर देव्हाऱ्याइतका जीव. तिनं एका हातानं हँडल धरलं आणि ती जागच्या जागी ताठ झाली. ना ओरडली, ना हात सोडवता आला.

सासू कस्तुराबाई दारातच होत्या. बाई अडाणी खरी, पण डोकं जागेवर. त्यांनी सुनेला हात लावला नाही. कोपऱ्यातला लाकडी पाट उचलला आणि तिच्या मनगटावर हाणला. हात सुटला, अनिता खाली कोसळली. शिरूरच्या दवाखान्यात डॉक्टर म्हणाले, जीव वाचलाय, पण ठोके अजून नीट पडत नाहीत, दोन-चार दिवस थांबावं लागेल.

दुपारी गावातल्या दुसऱ्या इलेक्ट्रिशियननं येऊन टेस्टर लावला. टेस्टर पेटला नाही. पण काहीतरी बोलणं भाग होतं, म्हणून तो बोलला, "वायरिंगच कच्ची हाय आबा. बाईमाणसाचं काम, दुसरं काय!"

वायरिंग केली होती नकुशीनं. घरात आणखी एक मुलगी नको होती म्हणून आईबापांनी हे नाव ठेवलं. आता मात्र नवं घर बांधलं की अर्धा तालुका तिलाच शोधत यायचा. आयटीआयला वायरमनच्या वर्गात ती एकटी मुलगी होती. परवाना मिळवायला तिला चार वर्षं लागली. सर्जेरावांनी संध्याकाळपर्यंत तक्रारीचा कागद लिहून काढला. सोमवारी तो शिरूरला द्यायचा, की परवाना जाणार, आणि वर पोलीस केस.

नकुशीनं दौंडला मामाला फोन लावला.

"मामा, बटण बंद करूनच पुसायचं, आसं मी तिला शिकवलं व्हतं. आन् सासूबाई म्हणत्यात, बटण बंदच व्हतं."

मामा म्हणजे तात्याबा कोकरे. ते म्हणाले, "येतो. पण एक सांगून ठिवतो नकुशे. चूक तुझी निघाली, तर त्या तक्रारीवर साक्षीदार म्हणून पयली सही माझी."

२

तात्याबांनी छत्तीस वर्षं दौंडला रेल्वेत इलेक्ट्रिक फिटर म्हणून काढली होती. निवृत्त झाले तरी टेस्टर खिशातून गेला नव्हता. शनिवारी ते न्हावऱ्यावरून येणाऱ्या एसटीनं अकराला कारेगावात उतरले. नकुशी स्टँडवरच उभी होती. डोळे सुजलेले, पण पिशवीत बंगल्याच्या वायरिंगचा नकाशा.

फाटकात सर्जेराव आडवे आले. साठीचे, पांढरी टोपी, आवाज मोठा. "पाव्हणं, तुम्ही या. ही न्हाई यायची आत."

"बरं," तात्याबा म्हणाले. नकुशी समोरच्या चहाच्या टपरीवर जाऊन बसली. तात्याबांना त्याचा राग आला, पण राग आणि वीज दोन्ही एकदम हातात धरायची नाहीत, हा त्यांचा जुना नियम.

आधी त्यांनी घराला एक चक्कर मारली. मागच्या पडवीतून बाहेर पडताना टोपीला एक काळी वायर घासली. ती पडवीतून निघून परसातल्या पत्र्याच्या शेडकडे गेली होती. एकटीच. शेडच्या भिंतीशी अर्थिंगचा खड्डा होता, सिमेंटची चौकट, आत जाणारी जस्ताची तार. चौकटीभोवती गवती चहाचं बेट होतं, पार वाळून खडंग झालेलं.

स्वयंपाकघरात त्यांनी नवल्यांचा मुलगा पप्पू याच्या मदतीनं ओव्हन भिंतीतून बाहेर ओढला आणि चष्मा पुसून कामाला लागले. मीटरजवळच्या बोर्डातून ओव्हनसाठी वेगळी वायर आणलेली, जाड तांब्याची, मध्ये कुठं जोड नाही. बोर्डात तिला स्वतंत्र एमसीबीचा खटका. शॉक लागताच खटकन पडणारा ईएलसीबीही जागेवर, चाचणीचं बटण दाबलं की पडत होता. ओव्हनचं बटण ओव्हनच्या मागे नाही, तर बाजूला, हाताला येईल असं. आणि तेही फेज आणि न्यूट्रल दोन्ही तारा एकदम तोडणारं. मागे हवा खेळायला जागा. अर्थिंगची हिरवी तार बॉडीला स्क्रूनं घट्ट आवळलेली. तात्याबांनी ती ओढून पाहिली. हलली नाही.

त्यांना मनातून बरं वाटलं, पण चेहऱ्यावर त्यांनी ते दिसू दिलं नाही. बटण चालू करून स्टीलवर टेस्टर टेकवला. काही नाही. बंद करून टेकवला. काही नाही.

बारा वाजले होते. वायरिंग शहाणी होती, ओव्हन शहाणा होता आणि अनिता दवाखान्यात होती.

३

"भिमाजी सुताराला बोलवा," तात्याबा म्हणाले.

ओव्हनभोवतीचं लाकडी कपाट भिमाजीनं बसवलं होतं. वरवंडचा माणूस, कामात सफाईदार, पण आल्यापासून तो खाली मान घालून उभा. लांबलचक स्क्रू लाकडातून थेट वायरीत शिरतात आणि घात करतात, हे तात्याबांनी पूर्वी पाहिलं होतं.

"किती इंची स्क्रू मारलं भिमाजी?"

"दीड इंची," भिमाजी म्हणाला. मग स्वतःहून, "मला झोप न्हाई तात्या कालपास्नं. डाव्या अंगाला एक दोन इंची मारला मी. दीडचं संपलं व्हतं."

तात्याबांनी तो स्क्रू काढला. टोक कोरडं, चकचकीत, आणि वायर तिथून चांगली हातभर लांब गेलेली. "जा, निवांत झोप," ते म्हणाले. "तुझं पाप लाकडातच राहिलं."

भिमाजी जिन्यातच बसला आणि त्यानं डोळे पुसले.

उरला पप्पू. अनिताचा नवरा, तिशीतला, कंपनीत सुपरवायझर. दिवाळीत ईएलसीबी सारखा पडायचा म्हणून त्यानं नकुशीला तो काढून टाकायला सांगितलं होतं. तिनं साफ नकार दिला. मग दोष निघाला मिक्सरमध्ये. त्यावरून दोघांची चांगली जुंपली होती, आणि ते गावाला ठाऊक होतं.

तात्याबांनी त्याला ओट्यासमोर उभं केलं. "शुक्रवारी तू आलास तवा काय केलंस? सगळं सांग."

"पळत आलो. बटण बंद केलं. आन् तिला उचललं."

"बटण बंद केलंस."

"व्हय."

"म्हंजी ते चालू व्हतं. म्हंजी तुझी आई खोटं बोलती."

पप्पू ओट्याला टेकला. बाहेर रस्त्यावर कंपनीची बस हॉर्न देत गेली. तात्याबा ओव्हनचे स्क्रू आवळत राहिले. माणसाला गप्प बसायला जागा दिली की तो बोलतो, हे त्यांना ठाऊक होतं.

"मामा," पप्पू शेवटी म्हणाला, "बायको तडफडत व्हती आन् आईनं तिला वाचवली. मी नुसता उभा. गावाला काय तोंड दाखवू? म्हणून म्हणलं, बटण मी बंद केलं." त्यानं बटणाकडे बोट केलं. "मी बटणाला हात घातला व्हता. पर ते आधीच बंद व्हतं. लाल दिवा विझलेला व्हता."

तात्याबांच्या हातातला पेचकस थांबला. म्हणजे अनितानं शिकवल्याप्रमाणे सगळं केलं होतं. दोन्ही तारा तुटलेल्या असताना, मेलेल्या ओव्हननं तिला धरलं होतं.

४

सहाच्या सुमाराला कस्तुराबाईंनी चहा आणला. ओव्हन तोवर पुन्हा भिंतीत बसला होता.

"भाऊ, चहा नुसताच हाय बरं का. गवती चहा घालती मी रोज. पर ह्या बारीला समदा वाळून गेला."

"लक्ष न्हाई का राहिलं वहिनी?"

"मी केंदूरला गेल्ते, भावाच्या घरी. धा दिवस. गुरुवारी सांजच्याला आले. ह्यांना बजावून गेल्ते, त्या चौकटीत रोज येक बादली पाणी घाला. नकुशीनं सांगितलेलं हाय मला, उन्हाळा लागला की घालत जा म्हणून. तिथं वल असती म्हणून तर मी गवती चहा लावला. पर ह्या घरात माझं ऐकतंय कोण!"

सर्जेराव खुर्चीवरून म्हणाले, "गवताला रोज बादली? टँकरचं पाणी हाय ते!"

तात्याबांनी बशी खाली ठेवली. "वहिनी, घरात आणखी कुठं झिणझिण्या लागत्यात का?"

कस्तुराबाईंनी विचार केला. "शुक्रवारीच पहाटं फ्रिजच्या कडंला हात लागला तर मुंग्या आल्या. म्हणलं, म्हातारपण."

फ्रिज प्लॅस्टिकच्या स्टँडवर, त्याचा प्लग वेगळा, बटण वेगळं. ओव्हनशी त्याचं काहीच नातं नव्हतं. निदान दिसायला तरी.

एवढ्यात सर्जेराव उठले. तक्रारीचा कागद खिशात असला, तरी पाव्हण्याला आपला नवा उद्योग दाखवायची हौस काही सुटत नव्हती. "चला, पिलं दावतो तुम्हाला."

शेडमध्ये दोनशे पिलं होती, तीन आठवड्यांपूर्वी आणलेली. सगळी एका कोपऱ्यात एकमेकांवर चढून बसलेली. वर सात बल्ब टांगलेले.

"ऊब पायजे म्हणून बल्ब लावतो," सर्जेराव म्हणाले. "सांजच्याला लावायचं, सकाळी आठला बंद. दिवसा उनावर गरज भागती. पयलं पाच व्हतं, लख्ख पडायचं. पर आठ दिवस झालं, व्होल्टेजच न्हाई. मिणमिणत्यात. पिलं गारठाया लागली, म्हणून बुधवारी आणखी दोन वाढवलं."

"घरातल्या ट्यूबा मिणमिणत्यात का?"

"न्हाई. त्या झकास हायत." सर्जेरावांना त्यात काही वावगं वाटलं नाही. उन्हं कलली होती, गार वारा सुटला होता. त्यांनी खांबावरचं बटण दाबलं. सातही बल्ब विझत आलेल्या निखाऱ्यासारखे लालसर पेटले.

तात्याबांनी वर पाहिलं. पडवीतून आलेली ती एकटी काळी वायर बल्बांपर्यंत आली होती. आणि बल्बांकडून दुसरी एक तार भिंतीतल्या भोकातून बाहेर गेली होती, अर्थिंगच्या खड्ड्याच्या दिशेनं.

पुढच्या क्षणी, शेजारचं बटण बंद करायचंही न सुचता, बासष्ट वर्षांचा तो माणूस धोतर सावरत घराकडे पळत सुटला. मागच्या दारातून त्याला दिसलं, की कस्तुराबाईंनी बादलीतलं फडकं पिळलंय आणि ओव्हनवरचे पाव्हण्याच्या बोटांचे डाग पुसायला हात पुढे केलाय.

"वहिनी, हात मागं!"

५

कस्तुराबाईंच्या हातातून फडकं पडलं.

"बटण बंद हाय की वो," त्या घाबरून म्हणाल्या. "तुम्हीच बंद केलंय की."

"तेच दावायचं हाय तुम्हाला." तात्याबांना धाप लागली होती. "पप्पू, समोर टपरीवर माझी भाची बसलीय. तिला बोलाव."

सर्जेराव मागोमाग आत आले होते. त्यांनी काहीतरी बोलायला तोंड उघडलं. तात्याबांनी नुसतं त्यांच्याकडे पाहिलं.

नकुशी चप्पल न काढता आत आली. घरात कुणी तिला त्याबद्दल बोललं नाही. तात्याबांनी खिशातला टेस्टर काढून ओव्हनच्या स्टीलवर टेकवला.

टेस्टर पेटला.

"बटण?" तात्याबांनी विचारलं.

"बंद," पप्पू म्हणाला.

"एमसीबी पाड." पप्पूनं बोर्डातला ओव्हनचा एमसीबी खाली केला. टेस्टर पेटलेलाच. "आता ईएलसीबी. आख्खं घर बंद कर."

खटका पडला. ट्यूब विझली, फ्रिज घरघर करून थांबला, टीव्ही गप्प झाला. संधिप्रकाशात फक्त टेस्टरचा लाल ठिपका उरला. आणि खिडकीतून, परसातल्या शेडमध्ये, सात बल्ब मिणमिणत होते.

"घरात करंट न्हाई," तात्याबा हळू म्हणाले. "ओव्हनात हाय. नकुशे, ओव्हनात तारा किती जात्यात?"

"तीन. फेज, न्यूट्रल, अर्थिंग."

"बटणानं किती तुटत्यात?"

"दोन." ती थांबली. तिचे डोळे खिडकीकडे गेले आणि तिथंच राहिले. "मामा... अर्थिंग कधीच तुटत न्हाई. अर्थिंगला बटण नसतं."

"मग राहिली येकच तार. करंट बाहेर न्यायला ठिवलेली. त्याच वाटंनं आत आला." तात्याबा सर्जेरावांकडे वळले. "मळ्यात हिरीवर दिवा कसा लावता?"

सर्जेराव गोंधळले. "सगळं लावत्यात तसाच. मोटरीच्या तीन तारांतली येक घ्यायची, आन् दुसरी जिमिनीत. तीस वर्षं लावतोय. मेंढरं व्हती तवापास्नं."

"आन् शेडात?"

"शेडात बी..." ते बोलता बोलता थांबले. "वायर येकच व्हती घरात. मीटरपाशी जोडली. जिमिनीत सळई ठोकाय गेलो तर खाली सगळा मुरूम. मग तयार खड्डा व्हता की. त्यातल्या तारंला दुसरं टोक बांधलं."

"त्याच तारंला वहिनींचा फ्रिज बांधलाय. अनिताचा ओव्हन बी. खड्ड्यात वल व्हती तवर करंट निवांत जिमिनीत जात व्हता आन् तुमचं बल्ब लख्ख पडत व्हतं. वहिनी केंदूरला गेल्या, पाणी बंद झालं, खड्डा वाळला. जिमीन करंट घीना, म्हणून बल्ब मिणमिणाया लागलं. तुम्ही आणखी दोन वाढवलं. जिमिनीत जाता येईना तो करंट हिरव्या तारंवरनं उलटा घरात शिरला. शुक्रवारी सकाळी वल्या फरशीवर उभं राहून तुमच्या सुनेनं त्याला दुसरी वाट दिली. तिला शॉक लागला तवा सात वाजले व्हते, बल्ब चालू. दुपारी तपासायला माणूस आला तवा बल्ब बंद. मी बी दुपारीच टेस्टर लावला. रोग सकाळचा आन् वैद दुपारचा, मग सापडंल कसा?"

"आन् ईएलसीबी?" पप्पूनं विचारलं.

"आबांनी वायर जोडलीय त्याच्या आधी. दाराआधीच चोर शिरला, तर राखणदार काय करंल?"

सर्जेराव खुर्चीवर बसले नाहीत, जमिनीवर बसले. टोपी काढून त्यांनी मांडीवर ठेवली. नकुशी परसात गेली, शेडचं बटण तिनं बंद केलं, मीटरपाशी फ्यूज काढला आणि ती काळी वायर दोन्ही टोकांनी सोडवून गुंडाळत आत आली. टेस्टर विझला होता.

"म्या केलं," सर्जेराव म्हणाले. "माझ्या हातानं. आन् कागद तुझ्या नावानं लिवला."

त्यांनी खिशातून तक्रार काढून तिच्यापुढे धरली. नकुशीनं ती घेतली नाही.

"आबा, थोडी चूक माझी बी हाय," ती म्हणाली. "काकूंना पाणी घालाया सांगितलं, पर कशासाठी ते सांगितलं न्हाई. म्हणलं, त्यांना काय कळणार. आन् तुम्हाला तर काहीच सांगितलं न्हाई. तुम्हाला ते गवताचं पाणी वाटलं. मी नीट सांगितलं आसतं, तर तुम्ही घातलं आसतं."

तात्याबांनी भाचीकडे पाहिलं. पहिल्या सहीची धमकी देऊन आलेला हा माणूस. आता त्याचेच डोळे भरून आले, आणि ते लपवायला त्यानं उगाच टेस्टर धोतराला पुसला.

६

अनिता बुधवारी घरी आली. उजव्या तळव्यावर पट्टी होती. नकुशीनं तोवर शेडला दोन तारांची वेगळी वायर आणि वेगळा ईएलसीबी टाकला होता. अर्थिंगच्या खड्ड्यात मीठ-कोळसा भरून चार बादल्या पाणी घातलं होतं आणि अर्थिंग मोजून आकडा चौकटीवर रंगानं लिहिला होता. बादली रोज कोण घालणार, ते सर्जेरावांनी कुणाला विचारू दिलं नाही.

सगळं नीट झालं होतं. फक्त अनिता स्वयंपाकघराच्या उंबऱ्यावर उभी होती आणि आत पाऊल टाकत नव्हती.

"नकोच ते," ती म्हणाली. "काढून टाका. केक नको न् काही नको."

"मी धरून दावते," नकुशी म्हणाली. तिनं चपला काढल्या, फरशीवर तांब्याभर पाणी ओतलं आणि ती अनवाणी त्यात उभी राहिली. शेडात बल्ब चालू होते, लख्ख. ओव्हनही चालू होता. तिनं हात उचलला.

"थांब पोरी."

सर्जेराव पुढे झाले. त्यांनीही वहाणा काढल्या. त्या ओल्या फरशीवर ते नकुशीच्या आणि ओव्हनच्या मध्ये उभे राहिले. तीस वर्षं जमिनीला तार बांधणारा तो माणूस पहिल्यांदाच विजेला भ्यायला होता. त्यांनी डोळे मिटले आणि आख्खा तळवा स्टीलवर ठेवला.

कस्तुराबाईंचा हात आपोआप पाटाकडे गेला होता.

"काय न्हाई," सर्जेराव म्हणाले. डोळे उघडून त्यांनी सुनेकडे पाहिलं. हात मात्र काढला नाही. "ये. मी धरलाय तवर ये."

अनिता उंबऱ्यावरून आत आली. सासऱ्याच्या हाताशेजारी तिनं आपला पट्टी नसलेला हात ठेवला. स्टील हळूहळू कोमट होत होतं. ती थोडा वेळ तशीच उभी राहिली आणि मग म्हणाली, "आबा, आता बाजूला व्हा. भिमाजीच्या नातीचा उद्या वाढदिवस हाय."